फिरता बुरूज व घर्षणाचा धडा

कोणतेंहि यंत्र अडूं लागलें म्हणजे त्यास अधिक जोर लावावा, हा विचार मनुष्याच्या मनांत सर्वांआधीं येतो. दार अडलें कीं आपण खांदा लावतों. कुलूप अडलें कीं किल्ली जोरानें पिळतों. दार पुष्कळदां उघडतें, परंतु किल्ली मात्र मोडते. गतवर्षीं आमच्या शाळेच्या विज्ञानप्रदर्शनांत प्रस्तुत लेखकानें हीच चूक केली, व ती पालकमंडळींच्या समक्ष केली. त्या चुकीपासून जें शिकावयास मिळालें तें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

शाळेच्या विज्ञानमंडळास एका माजी विद्यार्थ्यानें रेडिओनें चालणारें रणगाड्याचें एक मॉडेल भेट दिलें आहे. दुसऱ्या महायुद्धांतील 'टायगर' नांवाच्या जर्मन रणगाड्याची ती प्रतिकृति असून तिचें प्रमाण १ : १६ आहे, म्हणजे मूळची सोळा इंच लांबी येथें एक इंच होते. हातांतील नियंत्रकाची एक कांडी पुढें ढकलली कीं गाडा चालतो. दुसरी कांडी बाजूस नेली कीं वरचा टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, वळतो. इयत्ता नववींतील एक विद्यार्थी या मॉडेलाची देखभाल करीत असे.

प्रदर्शनाच्या दिवशीं बुरूज नीट फिरेना. कांडी थोडी सरकवावी तर कांहींच होऊं नये. आणखी सरकवावी तर एकदम हिसका बसून तोफ वीतभर पुढें जावी, थांबावी, व पुन्हां हिसका बसावा. "सर, काय करूं?" असें त्या मुलानें विचारलें. मीं क्षणाचाहि विचार न करतां सांगितलें, "मोटर कमी पडते आहे. कपाटांतली मोठी बसव." त्यानें ती बसविली. तीन-चार फेऱ्या बुरूज गरगर फिरला, मुलांनीं टाळ्या वाजविल्या, आणि मग कडकड असा आवाज होऊन लहान दंतचक्राचे पांच दांत तुटून पडले.

मुलगा कांहीं बोलला नाहीं. मॉडेल आपल्या ताब्यांत होतें, तेव्हां दोष आपल्याकडे येणार, हें त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतें. वास्तविक दोष माझा होता, व तसें मीं तेथल्या तेथें बोलून दाखवावयास हवें होतें. तें मीं दुसऱ्या दिवशीं सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं सर्व शाळेसमोर सांगितलें. परंतु एक रात्र त्या मुलानें तें ओझें उगाच वाहिलें, याची खंत अजून वाटते.

बोटाची परीक्षा

प्रदर्शन संपल्यावर मुलाचे वडील त्यास नेण्यास आले. त्यांचें सायकल-दुरुस्तीचें दुकान आहे. त्यांनीं मॉडेल हातांत घेऊन उलटसुलट पाहिलें व म्हणाले, "सर, मोटर काढून ठेवा आणि नुसत्या बोटानं फिरवून बघा. सायकलचं चाक आम्ही पेडल मारून तपासत नाही. उचलून बोटानं फिरवतो. कुठं अडतंय ते बोटाला कळतं, मोटरला कळत नाही."

त्याप्रमाणें केलें. बोटानें बुरूज फिरवूं लागतांच तीन गोष्टी ध्यानांत आल्या. पहिली, सबंध फेरींत दोन ठिकाणीं तो जड लागे. दुसरी, तोफ गाड्याच्या डाव्या अंगास नेऊन बोट काढलें कीं बुरूज आपोआप थोडा मागें येई. तिसरी, तोफेखालची कड खालच्या कडीवर घासल्याचा आवाज सतत ऐकूं येई. हीं एका रोगाचीं नव्हेत, तर तीन निरनिराळ्या रोगांचीं लक्षणें होतीं. आणि आम्हीं तिहींवर मिळून एकच औषध दिलें होतें, तें म्हणजे मोठी मोटर!

हिसका कां बसतो?

बुरुजाचें वजन ज्या कडीवर टेकलेलें असतें तेथें घर्षण होतें. फ्रेंच शास्त्रज्ञ आमोंतों यानें १६९९ सालीं दाखविलें कीं, घर्षण हें दाबाच्या प्रमाणांत वाढतें. परंतु केवळ घर्षण अधिक असल्यानें हिसका बसत नाहीं. त्याचें कारण निराळें आहे. थांबलेली वस्तु हलविण्यास जें बळ लागतें तें, हलती वस्तु हलती ठेवण्यास लागणाऱ्या बळाहून बहुधा अधिक असतें. पहिल्यास स्थिर घर्षण म्हणतात, दुसऱ्यास गतिज घर्षण.

घरीं करण्यासारखा एक प्रयोग सांगतों. एका जाड पुस्तकास दोरीनें रबर-बँड बांधा व तें टेबलावरून सावकाश ओढा. प्रथम रबर ताणलें जाईल व पुस्तक जागचें हलणार नाहीं. मग तें एकाएकीं सुटून पुढें जाईल, रबर सैल पडेल, व पुस्तक पुन्हां थांबेल. फळ्यावर खडू कधीं कधीं कर्कश ओरडतो व दाराची बिजागरी करकरते, तीहि याच कारणानें. मात्र तेथें हें अडणें व सुटणें सेकंदांत शेंकडों वेळां होतें. मॉडेलांत रबराचें काम प्लॅस्टिकचे दांडे व दंतचक्रें करितात. तीं थोडीं वांकतात, जोर सांठवितात, व स्थिर घर्षणाचा पराभव होतांच तो सर्व जोर एकदम सोडून देतात.

हिशेब असा मांडतां येईल. समजा, बुरुजाचें वजन ६०० ग्रॅम, कडीची त्रिज्या ६ सेंटिमीटर, स्थिर घर्षणाचा गुणांक ०.४ व गतिज घर्षणाचा ०.३ आहे. बुरूज हलूं लागण्यास ०.४ × ६०० × ६ = १,४४० ग्रॅम-सेंटिमीटर एवढें फिरविण्याचें बळ लागेल; परंतु हलल्यावर १,०८० च पुरेल. मधले ३६० एकाएकीं मोकळे होतात, आणि हाच तो हिसका. मोठी मोटर बसविल्यानें हे ३६० कमी होत नाहींत. ती हिसक्यामागें अधिक जोर उभा करिते, इतकेंच.

हा प्रश्न आमच्या मॉडेलापुरताच नाहीं. अमेरिकेंतील यादवी युद्धांत जॉन एरिक्सन या मूळच्या स्वीडिश अभियंत्यानें 'मॉनिटर' ही लोखंडी युद्धनौका बांधली. तिच्यावर वाफेच्या बळानें फिरणारा, सुमारें १२० टनांचा बुरूज होता. फिरविण्यापूर्वीं तो पाचर मारून जरा वर उचलावा लागे, नाहीं तर तो खालच्या पितळी कडीवर घट्ट बसून राही. ता. ९ मार्च १८६२ रोजीं 'व्हर्जिनिया' या नौकेशीं लढतांना असें आढळलें कीं, हा बुरूज फिरूं लागणें कठीण, आणि फिरूं लागल्यावर हव्या त्या जागीं थांबविणें त्याहून कठीण. शेवटीं तो फिरता ठेवूनच, शत्रूची नौका समोर येईल त्या क्षणीं, तोफा डागाव्या लागल्या. तो बुरूज २००२ सालीं समुद्रतळांतून वर काढण्यांत आला. सारांश, आमच्या नववींतील मुलाची अडचण व त्या नौकेवरील खलाशांची अडचण एकाच जातीची होती.

दोष व त्यांवरील उपाय

तुटलेल्या दंतचक्राऐवजीं नवें टपालानें येण्यास तीन आठवडे लागले. तेवढ्या अवधींत, दर शनिवारीं शाळा सुटल्यावर, आम्हीं एकेक दोष काढला.

(१) जड लागणाऱ्या जागा. साच्यांतून निघालेल्या प्लॅस्टिकच्या कडेस बारीक धार राहून जाते. बुरूज जेथें जड लागे तेथें पेन्सिलीनें खूण केली, व ती धार पात्यानें हलकेच खरवडून प्रथम ६०० नंबरच्या व मग १००० नंबरच्या वॉटर-पेपरनें घासली. दुसऱ्या खुणेपाशीं कडीचे दांत किंचित् दाटून बसत होते. त्यांवर दांत घासण्याची पेस्ट लावून बुरूज हातानें शंभर-दीडशें वेळां फिरविला. पेस्टमधील बारीक पूड उंचवटे झिजविते. नंतर सर्व भाग पाण्यानें स्वच्छ धुतले. कारण पेस्ट आंत राहिली तर ती झिजविण्याचें काम पुढेंहि चालूच ठेवील.

नवें दंतचक्र आल्यावर तें कडीच्या दांतांत किती दाटावें, हा प्रश्न आला. फार दाटलें तर जाम होतें, फार सैल ठेवलें तर बुरूज डुलतो व दांत निसटतात. यास सोपी युक्ति अशी कीं, दोन्ही दांतांमध्यें वहीच्या कागदाची पट्टी घालून चक्र अलगद दाबावें, स्क्रू आंवळावे, व मग चक्र फिरवून पट्टी बाहेर काढावी. कागदाच्या जाडीएवढी मोकळीक आपोआप राहते. ही तपासणी एकाच जागीं न करतां सबंध फेरींत चार ठिकाणीं करावी.

(२) आपोआप मागें येणें. हा अपराध तारांचा होता. गाड्यांतून बुरुजांत जाणाऱ्या तारा आंखूड व कडक होत्या. बुरूज डावीकडे गेला कीं त्या पिळल्या जाऊन त्यास मागें ओढीत. त्या काढून सिलिकॉनच्या आवरणाच्या मऊ तारा घातल्या, त्या बरोबर मध्यभागांतून वर नेल्या, व आंत एक सैल वेटोळें ठेवलें. बुरूज एकाच दिशेनें कितीहि वेळां फिरावा अशी इच्छा असेल तर मात्र तारा पुरत नाहींत. तेथें स्लिप-रिंग लागते, म्हणजे धातूच्या कडीवर टेकलेल्या ब्रशांतून वीज नेणारी रचना.

(३) तोफेखालची कड घासणें. मॉडेलास खऱ्यासारखें रूप यावें म्हणून कोणीं तरी धातूची तोफ बसविली होती. तिच्या भारानें बुरूज पुढें झुकला होता. शाळेंत शिकलेला तराजूचा नियम येथें कामास येतो. तोफेचें वजन ८० ग्रॅम व तें मध्यापासून सरासरी १५ सेंटिमीटर पुढें आहे असें धरलें, तर गुणाकार १,२०० येतो. मध्यापासून ८ सेंटिमीटर मागें १५० ग्रॅम ठेवले तरी गुणाकार १,२०० च येतो. टायगरच्या बुरुजामागें सामानाची पेटी असते. तिच्यांत लोखंडी नट भरून हें वजन साधलें. शिसें जड असलें तरी विषारी आहे. मुलांनीं तें हाताळूं नये.

खऱ्या रणगाड्यांसहि ही व्यथा जडलेली आहे. अमेरिकेनें १९४२ सालीं तयार केलेल्या एम-१० या तोफगाड्याचा बुरूज हातानें फिरवीत. तोफेच्या भारानें तो इतका असमतोल होता कीं, गाडा उतारावर असतां फिरविणें फार कठीण जाई. म्हणून त्याच्या मागील बाजूस जड लोखंडी वजनें जोडावीं लागलीं.

छर्ऱ्यांची कडी

इतकें झाल्यावर बुरूज पुष्कळ सुधारला, परंतु सावकाश फिरवितांना बारीक थरथर राहिली. तेव्हां मुलाच्या वडिलांनीं आपल्या दुकानांतून १/८ इंची, म्हणजे सुमारें ३.२ मिलिमीटर व्यासाचे, बारा पोलादी छर्रे आणून दिले. "पाकिटांतले नवेच घ्या," असें त्यांनीं बजावलें. जुने छर्रे कमीअधिक झिजलेले असतात. त्यांत एक जरी मोठा निघाला तरी सगळा भार त्या एकट्यावर पडतो.

दोन मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकची एक कडी कापून तिला ३० अंशांच्या अंतरानें बारा भोकें पाडलीं, व प्रत्येकांत एक छर्रा ठेवला. कडीमुळें छर्रे एकमेकांस घासत नाहींत. पोलादी छर्रा मऊ प्लॅस्टिकवर टेकून राहिला तर तेथें खळगा पडतो. म्हणून वर व खालीं पातळ पत्र्याच्या सपाट कड्या चिकटविल्या. एवढें सारें मध्यें आल्यानें बुरूज कांहीं मिलिमीटर उचलला जाऊन फट दिसूं लागली, व दंतचक्राचे दांत अर्धेच एकमेकांत बसूं लागले. तेव्हां खालचा खांदा कानशीनें तेवढाच उतरविला. एक सुधारणा केली म्हणजे तिचा दुसऱ्या भागावर काय परिणाम होतो हें पाहावेंच लागतें, हाहि धडा त्यांत मिळाला.

घासण्याऐवजीं लोळणें आलें कीं विरोध किती कमी होतो, पाहा. गुणांक ०.०२ धरला तर मघाचे १,४४० जाऊन ०.०२ × ६०० × ६ = ७२ च उरतात. ज्यांस छर्रे बसविणें जमणार नाहीं त्यांनीं कडीवर टेफ्लॉनची पातळ पट्टी चिकटवावी. टेफ्लॉनचा गुण असा कीं, त्याचें स्थिर व गतिज घर्षण जवळजवळ सारखेंच असतें. म्हणून तें हिसका देत नाहीं.

वंगणाविषयीं एक सूचना. एका मुलानें उत्साहानें घरचें खोबरेल तेल आणलें होतें. परंतु खोबरेल सुमारें २४ अंशांखालीं गोठतें. हिंवाळ्याच्या सकाळीं तें वंगण न राहतां चिकटा होतें. कांहीं खनिज तेलें व ग्रीजें प्लॅस्टिकला भेगा पाडतात. सिलिकॉन-ग्रीज या कामास निर्धोक आहे, आणि तेंहि बोटाच्या टोंकावर राहील इतकेंच लावावें.

मोटरीचें खरें काम

आतां मोटरीकडे वळूं. खऱ्या टायगरचा बुरूज सुमारें ११ टनांचा होता. तो इंजिनाच्या शक्तीनें फिरे. परंतु इंजिन बंद असतां तोफची हातचाक फिरवी. त्या हातचाकाचे ७२० फेरे केले म्हणजे बुरुजाची एक फेरी पुरी होई. अर्थात् एका फेऱ्यास अर्धा अंश. एकटा मनुष्य ११ टन फिरवूं शके, तो अंगांतील बळाच्या जोरावर नव्हे, तर दंतचक्रांच्या प्रमाणाच्या जोरावर. वेळ अधिक देऊन बळ कमी लावावें, हा सर्व दंतचक्रांचा व्यवहार आहे. मॉडेलांतहि जलद फिरणारी लहान मोटर व तिच्यापुढें गति कमी करणारीं अनेक चक्रें, ही रचना मोठ्या मोटरीहून श्रेष्ठ ठरते. शिवाय मध्यें एक घसरता क्लच असावा. म्हणजे तोफ भिंतीस अडली तरी क्लच घसरतो व दांत वांचतात. आमच्या मॉडेलांत तो असता तर हा लेखच लिहावा लागला नसता!

स्वस्त मॉडेलांत मोटर एक तर पूर्ण चालू, नाहीं तर पूर्ण बंद असते. तेथें आरंभ व शेवट हिसक्यानेंच होणार. विद्युद्दाब नुसता कमी केला तर मोटर स्थिर घर्षणापुढें हार खाते. यावर उपाय म्हणजे पूर्ण दाबाची वीज सेकंदांत शेंकडों वेळां देणें व तोडणें. वीज चालू असण्याचा काळ कमीअधिक केला कीं गति कमीअधिक होते, आणि प्रत्येक लहान ठोक्यांत मात्र पूर्ण दाब असतो. यास पल्स-विड्थ मॉड्युलेशन म्हणतात. परंतु ही विजेची युक्ति शेवटीं करावी. आधीं बोटाची परीक्षा उतरली पाहिजे.

हें सर्व करून आम्हीं जुनीच लहान मोटर परत बसविली. आतां कांडी जराशी सरकवितांच बुरूज न थरथरतां हलूं लागतो, व सोडतांच थांबतो.

रणगाडाच कां?

एका पालकांनीं प्रश्न केला कीं, ख्रिस्ती शाळेनें मुलांच्या हातीं युद्धाचें यंत्र कां द्यावें? प्रश्न योग्य आहे, व त्याचें उत्तर टाळूं नये. अहमदनगर, म्हणजेच आतांचें अहिल्यानगर, येथें १९९४ सालीं उघडलेलें रणगाड्यांचें संग्रहालय आहे. तेथें आमची सहल गेली तेव्हां मुलांस दोन गोष्टी सांगितल्या. एक, या पोलादाच्या आंत मनुष्यें बसत असत, आणि पुष्कळ परत आलीं नाहींत. दुसरी, बुरुजाखालची जी कडी तुम्ही पाहतां तिचेंच भावंड खोदकाम करणाऱ्या पोकलेन यंत्राच्या खालीं आहे, उंच इमारतीवरील क्रेनमध्यें आहे, आणि साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावरील पवनचक्क्या वाऱ्याकडे तोंड फिरवितात त्यांच्या मानेंतहि आहे. शस्त्रांचीं शेतीचीं अवजारें व्हावीं, ही प्राचीन संदेष्ट्यांची आशा आपण जाणतों. ज्ञानाच्या बाबतींत तें घडविणें शिक्षकांच्या व पालकांच्या हातीं आहे.

शेवटीं पालकांस एक विनंती. मूल एखाद्या विषयांत अडलें कीं आपण शिकवणी वाढवितों, रागावतों, तास वाढवितों. म्हणजे मोटर बदलतों. त्याआधीं बोटाची परीक्षा करावी. कोठें धार राहिली आहे, कोठें तार ओढते आहे, कोणता भार एकाच बाजूस पडला आहे, हें हलक्या हातानें पाहावें.

त्या मुलानें वर्गांत आपल्या वडिलांच्या दुकानाचा उल्लेख कधीं केला नव्हता. छर्रे बसविण्याच्या शनिवारीं त्याचे वडील सर्व वर्गास तें काम दाखवीत असतां, तो त्यांच्या शेजारीं ग्रीजची डबी हातांत धरून उभा होता, आणि मागच्या बाकावरील मुलांस ऐकूं जावें म्हणून त्यांचें म्हणणें मोठ्यानें पुन्हां सांगत होता.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. टायगरचें हातचाक सेकंदास एक फेरा या गतीनें फिरविलें, तर बुरूज ९० अंश वळण्यास किती मिनिटें लागतील?

२. तोफेचें वजन १०० ग्रॅम असून तें मध्यापासून १४ सेंटिमीटर पुढें आहे. मागें ७ सेंटिमीटरवर किती वजन ठेवावें?

३. तुमच्या घरांतील अडणारी एक वस्तु निवडा. तिला जोर न लावतां, ती कोठें व कां अडते हें शोधून वहींत लिहा.